१३३ वे अध्यक्ष? कॅटलोनियाच्या यादीत नेमकं कोणाकोणाला मोजलंय?

रविवार_दुपार
परवा स्पेनवरचा एक लेख वाचत होतो. त्यात कॅटलोनियाचे सध्याचे प्रमुख साल्वादोर इल्या यांचा उल्लेख 'जनरालितातचे १३३ वे अध्यक्ष' असा केला होता. जनरालितात म्हणजे तिथलं प्रादेशिक सरकार आणि अध्यक्ष म्हणजे साधारण आपला मुख्यमंत्री.
आता हिशेब करू. हुकूमशहा फ्रँको गेला १९७५ ला. राज्यघटना १९७८ ची, कॅटलोनियाचा स्वायत्तता कायदा १९७९ चा, नव्या प्रादेशिक संसदेची पहिली निवडणूक १९८० ची. तिथून मोजलं तर पुजोल, मारागाल, मोंतिया, मास, पुजदेमोन, तोरा, आरागोनेस आणि इल्या. झाले आठ. उरलेले १२५ कुठून उगवले?
माझं सरळ मत आहे की हा आकडा फुगवलेला आहे. आमचं राज्य किती जुनं, हे दाखवायची हौस. कोणी तिकडे राहत असेल तर सांगा.

चकली
मी पयली! उरलेल्या १२५ मध्ये पिंडाला शिवलेले कावळेही धरले असतील. वाचतेय.

सांगलीकर_नाना
पॉपकॉर्न घेऊन बसलो. पुजोल, पुजदेमोन, पुढे कोण, पुजारी?

कुडाळची_बार्सिलोनात
नाना, पुजारी मागे होते, आणि पुष्कळ होते. सांगते.
१३५९ मध्ये सर्वेरा नावाच्या गावात तिथली 'कोर्त्स' भरली होती. कोर्त्स म्हणजे धर्मगुरू, सरदार आणि राजाच्या ताब्यातली शहरं अशा तीन वर्गांची सभा. राजा कास्तिलशी लढत होता आणि त्याला पैसा हवा होता. सभा म्हणाली, कर देतो, पण वसुली आमची माणसं करणार आणि हिशेबही आमच्याकडे राहणार. त्यासाठी प्रतिनिधींचं मंडळ नेमलं, त्यात गिरोनाचे बिशप बेरेंगेर दे क्रुइल्येस प्रमुख. यादीतले पहिले 'अध्यक्ष' ते हे.
पुढे याची घडी बसली. तीन वर्गांचे तीन प्रतिनिधी, त्यांचे हिशेब तपासायला तीन तपासनीस, मुदत तीन वर्षं. धर्मगुरूंचा प्रतिनिधी अध्यक्षस्थानी. त्यामुळे यादीतले बहुतेक जुने लोक बिशप, मठाधिपती नाहीतर चर्चमधले अधिकारी आहेत. १७१४ मध्ये बार्सिलोना बूर्बों राजाच्या फौजेपुढे पडलं आणि १७१६ च्या फर्मानाने हे सगळं बरखास्त झालं. तोपर्यंत १२१ जण झाले होते.
आज सरकार ज्या वाड्यात बसतं, तो साँ जाउमे चौकातला वाडा याच मंडळाने १४०० मध्ये घेतला होता. २३ एप्रिलला, साँ जोर्दीच्या सणाला, तो सगळ्यांसाठी उघडतात. रांग गल्लीच्या टोकापर्यंत जाते. आत जिना चढून वर गेलं की वरच्या मजल्यावरच एक चौक लागतो आणि त्यात संत्र्याची झाडं आहेत. आमच्या पुढे एक आजी होत्या, हातात लाल गुलाब, रखवालदाराला विचारत होत्या की अध्यक्ष कुठल्या दारातून येतात. तो म्हणाला, "बाई, आज तेच कुठेतरी लपले असतील."

रविवार_दुपार
ताई, उत्तम माहिती. पण यातून माझाच मुद्दा पक्का होतो की! कर गोळा करणारं मंडळ आणि निवडून आलेलं सरकार या दोन वेगळ्या गोष्टी. बिशपसाहेबांना कोणी मत दिलं होतं?

कुडाळची_बार्सिलोनात
मत सोडा, १४९३ पासून तर चिठ्ठ्याच काढायचे. पात्र लोकांची नावं चिठ्ठ्यांवर लिहायची, त्या मेणाच्या गोळ्यांत घालायच्या, गोळ्या पिशवीत, आणि एक उचलायची. राजा फर्नांदोने ही पद्धत आणली. घराण्यांची भांडणं थांबावीत म्हणून.

चकली
ही पद्धत आपल्याकडे ताबडतोब लागू करावी. रिसॉर्टचा खर्च वाचेल.

आडवा_छेद
मूळ मुद्द्यावर येतो. हे असं आहे: पेठेतल्या दुकानाच्या पाटीवर 'स्थापना १८९०' असतं, पणजोबा तिथे गूळ विकायचे, पणतू मोबाईलची कव्हरं विकतो, मधली साठ वर्षं दुकानाला कुलूप होतं. पाटी खोटी नाही, पण गिऱ्हाइकाने त्यावरून मोबाईलची परीक्षा करू नये.
आणि इथे कुलूप साठ वर्षांचं नाही. १२१ वा १७१४ ला संपतो आणि १२२ वा १९३१ ला येतो. मध्ये २१७ वर्षं.

गोदाकाठ
पाटीचा दृष्टांत झकास, पण अर्धा. पाटी कोणी लावली ते बघा. १३३ हा आकडा शतकानुशतकं चालत आलेला नाही. २००३ मध्ये जुझेप मारिया सोले इ साबाते या इतिहासकाराच्या संपादनाखाली जनरालितातच्या अध्यक्षांचा इतिहास निघाला, त्यात हा क्रम लावला गेला आणि सरकारने उचलून धरला. २००३ हे पुजोल यांच्या कारकिर्दीचं शेवटचं वर्ष. नंतर आलेल्या समाजवाद्यांनाही तो सोडवेना. आज इल्या समाजवादी आहेत, स्वतंत्र कॅटलोनियाच्या विरोधातले आहेत, तरी '१३३ वे' म्हणवून घेतात. बऱ्याच इतिहासकारांनी या मोजणीवर टीका केली आहे, आणि रविवार_दुपार म्हणतात तीच: करवसुलीचं मंडळ म्हणजे सरकार नव्हे.
मला यादीत कोण आहे यापेक्षा कोण नाही, हे जास्त बोलकं वाटतं. जेवण झालं की लिहितो.

सांगलीकर_नाना
जेवण म्हणजे आमच्याकडे दोन तास. तोवर मी विचारतो: १९३१ ला नेमकं काय झालं? एकदम उठून जुनं नाव का घेतलं?

इतिहासाची_वही
नाना, ही गोष्ट मला फार आवडते.
१४ एप्रिल १९३१. राजा आल्फोन्सोविरोधी पक्षांनी नगरपालिका निवडणुका जिंकलेल्या. बार्सिलोनात फ्रान्सेस्क मासिया बाल्कनीत आले आणि त्यांनी कॅटलान प्रजासत्ताक जाहीर करून टाकलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, सैन्यातला जुना अधिकारी, पांढऱ्या मिशा, लोक त्यांना 'आजोबा' म्हणत. १९२६ मध्ये फ्रान्सच्या हद्दीतून सशस्त्र घुसण्याचा त्यांचा बेत फसला होता, त्याचा खटला पॅरिसमध्ये चालला आणि आजोबा जगप्रसिद्ध झाले.
तिकडे माद्रिदला नवं स्पॅनिश प्रजासत्ताक आलेलं. त्यांना वाटलं, आपण अजून खुर्चीवर टेकलो नाही तोच हे काय! तीन दिवसांत तीन मंत्री विमानाने बार्सिलोनाला आले. तोड अशी निघाली की मासियांनी 'प्रजासत्ताक' सोडावं, माद्रिदने स्वायत्तता द्यावी, आणि सरकारला असं नाव द्यावं जे दोघांच्याही पचनी पडेल. मग १७१६ मध्ये गाडलेलं जनरालितात बाहेर काढलं. म्हणजे जुनं नाव निघालं ते तडजोडीतून. मासिया १९३३ च्या नाताळच्या दिवशी वारले.

रविवार_दुपार
हे माहीत नव्हतं. मग क्रमांक १ मासियांना द्या, वाद मिटला!

सावरगावकर
मासियांनंतरचे लुईस कंपान्स. यांच्याबद्दल कोणी लिहिलंच नाही. ६ ऑक्टोबर १९३४ ला त्यांनी 'स्पॅनिश संघराज्यातलं कॅटलान राज्य' जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शरणागती पत्करली. तीस वर्षांची शिक्षा झाली, १९३६ मध्ये डावी आघाडी जिंकल्यावर सुटले, पुन्हा अध्यक्ष. यादवी युद्ध हरल्यावर फ्रान्सला गेले. त्यांना मेक्सिको गाठता आलं असतं. पण मनोरुग्ण मुलगा युद्धाच्या गोंधळात फ्रान्समध्ये हरवला होता, त्याचा शोध सोडून जाणं जमलं नाही. ऑगस्ट १९४० मध्ये जर्मनांनी पकडलं, फ्रँकोच्या हवाली केलं, आणि १५ ऑक्टोबर १९४० ला मोंजुइक किल्ल्यात गोळ्या घातल्या. अजूनही दर १५ ऑक्टोबरला त्यांच्या थडग्यावर फुलं वाहायला जनरालितातचे अध्यक्ष जातात, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत.

आडवा_छेद
मरणाने माणूस मोठा होतो, मान्य. पण १९३६ च्या उन्हाळ्यात त्यांच्याच राज्यात सशस्त्र टोळ्यांनी धर्मगुरू आणि उजव्या विचारांचे लोक रस्त्यावर मारले, एकूण संख्या आठ हजारांच्या वर जाते. सत्ता नावाला कंपान्सची, बंदुका अराजकवाद्यांच्या हातात. हुतात्म्याच्या थडग्यावर हे कोणी लिहीत नाही.

सावरगावकर
नाही लिहीत, खरंय. पण त्यांच्याच सरकारने हजारो धर्मगुरूंना आणि उजव्यांना पासपोर्ट देऊन जहाजांवर बसवलं, हेही लिहा. दुबळा अध्यक्ष म्हणा हवं तर. खुनी म्हणू नका.

आडवा_छेद
खुनी मी म्हटलंच नाही. दुबळा चालेल.

गोदाकाठ
जेवण झालं.
तर, यादीत नसलेले. पहिले 'मांकोमुनितात'चे लोक. १९१४ मध्ये चार प्रांतांच्या जिल्हा मंडळांना जोडून एक संयुक्त संस्था झाली. प्रात दे ला रिबा तिचे पहिले अध्यक्ष, नंतर वास्तुकार पुइग इ कादाफाल्क. टेलिफोनच्या तारा, ग्रंथालयं, शाळा, रस्ते, कॅटलान भाषेचं प्रमाणीकरण, खरंखुरं काम यांच्या काळात झालं. बसायचे त्याच वाड्यात. यादीत नाहीत. का? संस्थेचं नाव वेगळं होतं.
दुसरे, १९३४ च्या बंडानंतरचे. माद्रिदने कंपान्स सरकार स्थगित केलं आणि 'गव्हर्नर जनरल' बसवले, जे जनरालितातचा कारभारही बघत. त्यात पोर्तेला वायादारेस होते, पुढे ते स्पेनचे पंतप्रधान झाले. त्यात जुआन पिच इ पोन नावाचे एक गृहस्थ होते, जे १९३५ मध्ये एका बनावट रूलेटच्या परवान्यासाठी लाच घेतल्याच्या भानगडीत गेले. नाव तेच, वाडा तोच, खुर्ची तीच. तरी यादीत नाहीत, कारण वरून लादलेले.
तिसरे, ऑक्टोबर २०१७ नंतरचे सात महिने, तेव्हा अध्यक्षांचे अधिकार माद्रिदच्या पंतप्रधानांकडे होते. तेही अर्थातच नाहीत.
आणि यादीत कोण आहेत? कंपान्सनंतर परागंदा अवस्थेत अध्यक्ष झालेले इर्ला आणि तारादेल्यास, ज्यांच्याकडे परदेशात ना वाडा होता, ना खजिना, ना पोलीस. म्हणजे नियम असा दिसतो: सत्ता असून लादलेला असेल तर नाही, सत्ता नसून आपला असेल तर हो. या नियमाला माझी हरकत नाही. पण मग करमंडळाच्या बिशपांना कोणत्या नियमात बसवता? त्यांना नाव आणि वाडा हा नियम, प्रात दे ला रिबांना नावाचा, पिच इ पोनना लोकमान्यतेचा. तीन वेगवेगळ्या फुटपट्ट्या.

मोगरा_७
गोदाकाठ, जेवून लिहायची सवय ठेवा. प्रतिसाद जबरदस्त.

चकली
+१. रूलेटवाला यादीत हवा होता, यादीला जरा रंग आला असता.

सांगलीकर_नाना
तारादेल्यास म्हणजे विमानतळवाले ना? बार्सिलोनाला उतरलो तेव्हा पाटी पाहिली होती.

कुडाळची_बार्सिलोनात
हो, २०१९ पासून विमानतळाला त्यांचं नाव आहे. त्यांची कहाणी सिनेमाला लाजवेल.
१९५४ मध्ये इर्लांनी पद सोडलं आणि परागंदा झालेल्या आमदारांनी मेक्सिको सिटीत, स्पॅनिश प्रजासत्ताकाच्या वकिलातीत बसून तारादेल्यास यांना अध्यक्ष निवडलं. त्यानंतर हा माणूस फ्रान्समध्ये साँ-मार्तँ-ल-बो नावाच्या खेड्यात राहिला. पैशाची चणचण, जमीन विकत विकत दिवस काढायचे. पण कागद एकूण एक जपून ठेवले. पत्रं, ठराव, हिशेब. तो संग्रह आज पोब्लेतच्या मठात आहे. बाकी पुढारी त्यांना हसायचे, म्हातारा मंत्रिमंडळाशिवाय अध्यक्ष आहे म्हणून.
जून १९७७ ला स्पेनमध्ये निवडणूक झाली आणि कॅटलोनियात समाजवादी आणि कम्युनिस्ट पुढे आले. पंतप्रधान सुआरेस घाबरले. त्यांना आठवला फ्रान्समधला म्हातारा, जो डाव्यांच्या ताब्यात नाही. माद्रिदला बोलावलं. पहिली भेट अत्यंत वाईट झाली, दोघे एकमेकांवर उखडले. बाहेर पत्रकार उभे. तारादेल्यास हसतमुखाने म्हणाले, भेट उत्तम झाली, अगदी सौहार्दाची! आता सुआरेस यांना खोटं पाडायची सोय उरली नाही. २९ सप्टेंबरला वटहुकूम निघाला, जनरालितात पुन्हा स्थापन, अध्यक्ष तारादेल्यास. २३ ऑक्टोबरला बाल्कनीतून "नागरिकांनो, मी आलोय!" आणि खाली चौकात माणसांचा समुद्र.
घटना अजून लिहायची होती, हे लक्षात घ्या. स्पेनची राज्यघटना डिसेंबर १९७८ ची. म्हणजे हे सरकार नव्या घटनेतून जन्मलेलं नाही. १९३१ च्या प्रजासत्ताकातली ही एवढीच संस्था लोकशाहीत जशीच्या तशी परत घेतली. त्यामुळे १९३१ पासूनची सलगता मी शंभर टक्के मानते. १३५९ बद्दल माझीही मान डोलत नाही.

इतिहासाची_वही
पत्रकारांपुढची ती थाप म्हणजे राजकारणाच्या शाळेत धडा म्हणून लावावी.

रविवार_दुपार
तारादेल्यास यांना पाच गुण. आता पुजोल यांच्यावर कोणी लिहा, २३ वर्षं म्हणजे विक्रम असणार.

आडवा_छेद
१९८० ते २००३. शिक्षण डॉक्टरकीचं, धंदा बँकेचा, जन्म राजकारणासाठी. १९६० मध्ये बार्सिलोनाच्या संगीत सभागृहात फ्रँकोच्या मंत्र्यांसमोर लोकांनी एक बंदी घातलेलं गीत म्हटलं, त्या प्रकरणात पुजोल यांना लष्करी न्यायालयाने सात वर्षं ठोठावली. ते स्वतः सभागृहात नव्हतेच, फ्रँकोविरोधी पत्रकं छापल्याचा ठपका. गंमत म्हणजे ते गीत लिहिणारे कवी जुआन मारागाल, आणि २००३ मध्ये पुजोलनंतर अध्यक्ष झाले ते कवींचे नातू पास्कुआल मारागाल.
काम? भाषा, शाळा, टीव्ही, पोलीस, सगळी यंत्रणा यांनी उभी केली. माद्रिदमध्ये कोणाचंही सरकार येवो, यांची मतं लागायचीच. १९९३ ला समाजवादी गोन्सालेस, १९९६ ला उजवे आस्नार. दरवेळी पाठिंबा, दरवेळी वसुली.
आणि शेवट? २५ जुलै २०१४ ला स्वतःच निवेदन काढलं की वडिलांनी ठेवलेला पैसा ३४ वर्षं परदेशात होता, कर भरला नव्हता. सगळे मानसन्मान गेले.

सांगलीकर_नाना
वडिलोपार्जित होतं हो ते. ह. घ्या.

कुडाळची_बार्सिलोनात
नाना! पण तुम्हाला सांगते, पुजोल यांच्याबद्दल इथे दोन माणसं एका टेबलावर एकमताने बोललेली मी पाहिली नाहीत. आमच्या इमारतीत खाली राहणारे काका दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियाहून साठच्या दशकात आलेले. पुजोलांचं नाव काढलं की भडकतात. त्यांची सून म्हणते, त्यांच्यामुळे मला माझ्या भाषेत शिकता आलं. आमची मुलगी शाळेत कॅटलान, मैदानात स्पॅनिश आणि घरी मालवणी बोलते, यातल्या पहिल्याचं श्रेय किंवा दोष पुजोल यांचा.

मोगरा_७
मालवणीचं श्रेय तुमचं. मुलीला शाबासकी!

रविवार_दुपार
काकांवरून आठवलं, मोंतियासुद्धा आंदालुसियाचे ना?

आडवा_छेद
हो. कोर्दोबा प्रांतातल्या इस्नाखारचे, सोळाव्या वर्षी बार्सिलोनाला. २००६ ते २०१०. या काळातले कॅटलोनियाबाहेर जन्मलेले पहिले अध्यक्ष. कॅटलान बोलताना अडखळायचे म्हणून भरपूर थट्टा झाली. आणि त्यांच्याच काळात, २८ जून २०१० ला, घटना न्यायालयाने नव्या स्वायत्तता कायद्यातली कलमं उडवली. तो कायदा लोकांनी २००६ मध्ये सार्वमताने मंजूर केलेला होता. चिडलेला मोर्चा निघाला, आणि पुढे जे रामायण झालं त्याची सुरुवात तिथली, असं बहुतेक जण मानतात.

सावरगावकर
रामायणातला मला आवडणारा अध्याय आर्तुर मास यांचा. २०१५ च्या निवडणुकीनंतर त्यांना पुन्हा अध्यक्ष व्हायला एका छोट्या अतिडाव्या पक्षाची मतं हवी होती. आमदार दहा. पक्षाने म्हटलं, आम्ही कार्यकर्त्यांना विचारतो. डिसेंबरात साबादेलला मेळावा, दिवसभर फेऱ्यांवर फेऱ्या, आणि शेवटच्या मतदानात निकाल: मास यांना पाठिंबा द्या १५१५, देऊ नका १५१५.

चकली
काय??? १५१५-१५१५?

सावरगावकर
होय, अगदी तेवढेच. अखेर पक्षाने नकार दिला, मास बाजूला झाले आणि १० जानेवारी २०१६ ला गिरोनाचे महापौर कार्लेस पुजदेमोन अध्यक्ष झाले. पत्रकार माणूस, घरचा मिठाईचा धंदा, गिरोनाबाहेर फारसं कोणी ओळखत नव्हतं. त्या मेळाव्याला एखादा भिडू उशिरा पोचला असता, तर २०१७ वेगळं झालं असतं.

चकली
मेणाच्या गोळ्या परवडल्या.

रविवार_दुपार
२०१७ मध्ये माद्रिदने लावली ती आपल्या राष्ट्रपती राजवटीसारखीच ना? कलम १५५?

गोदाकाठ
दिसायला तशीच, पण बनावट वेगळी. आपल्याकडे कलम ३५६ ला राज्यपालांचा अहवाल लागतो, नसला तरी चालतो. महाराष्ट्राने १९८०, २०१४ आणि २०१९ अशी तीनदा चव घेतली आहे. तिकडे राज्यपाल हा प्रकारच नाही. प्रादेशिक अध्यक्ष हाच आपल्या प्रदेशात स्पॅनिश राज्यसत्तेचा प्रतिनिधी असतो. नेमणूक राजाची, पण निवड संसदेची. केंद्राला आधी अध्यक्षांना लेखी ताकीद द्यावी लागते, ते ऐकत नसतील तर सिनेटच्या पूर्ण बहुमताने कारवाई. २७ ऑक्टोबर २०१७ ला बार्सिलोनात ७० विरुद्ध १० मतांनी स्वातंत्र्याचा ठराव झाला, विरोधक बरेचसे उठून गेले होते. त्याच दिवशी माद्रिदच्या सिनेटने २१४ विरुद्ध ४७ मतांनी १५५ मंजूर केलं. १९७८ पासून आजवर एकदाच वापरलं गेलं.

इतिहासाची_वही
आणि पुजदेमोन बेल्जियमला. त्यानंतर अध्यक्ष कोण, हा खेळ बघण्यासारखा होता. पुजदेमोन यांना दुरून निवडायला न्यायालयाने मनाई केली. पुढचे उमेदवार जोर्दी सांचेस, ते तुरुंगात. मग जोर्दी तुरुल उभे राहिले, पहिल्या मतदानात पडले, दोन दिवसांनी दुसरं होणार होतं, पण मधल्याच दिवशी न्यायाधीशांनी त्यांची रवानगी तुरुंगात केली. शेवटी मे २०१८ मध्ये किम तोरा, ६६ विरुद्ध ६५. तोरा यांना पुढे एका फलकापायी जावं लागलं. निवडणूक काळात सरकारी इमारतीवरचा तुरुंगातल्या नेत्यांच्या सुटकेचा फलक वेळेत काढला नाही, म्हणून अपात्र. सप्टेंबर २०२०.

सांगलीकर_नाना
फलकावरून मुख्यमंत्रीपद गेलं? आमच्या चौकातले सगळे भावी आमदार मग कायमचे अपात्र.

मोगरा_७
😀 नाना फॉर्मात.
ऑगस्ट २०२४ चं कोणी सांगणार की मी सांगू? इल्या यांची निवड ८ ऑगस्टला, बरोबर ६८ मतांनी, १३५ पैकी. त्याच सकाळी वॉरंट निघालेले पुजदेमोन सात वर्षांनी बार्सिलोनात उगवले, विजय कमानीजवळच्या मंचावर पाचेक मिनिटं भाषण दिलं, आणि गर्दीत गायब. पोलिसांनी शहराचे रस्ते अडवून झाडाझडती घेतली, मोहिमेचं नाव 'पिंजरा'. पिंजरा रिकामाच राहिला. मदत केल्याच्या संशयावरून पोलिसांतलेच लोक पकडले गेले.

रविवार_दुपार
या धाग्याने माझा रविवार खाल्ला. तर मूळ प्रश्नाचा निकाल काय? मी ताई आणि गोदाकाठ यांचं मिळून असं धरतो: १९३१ पासून सलग मोजा, परदेशातले दोघे धरून. मासिया १, इल्या १२. १३३ हा आकडा सरकारी पत्रिकेवर राहू दे.

गोदाकाठ
मला मान्य. फक्त प्रात दे ला रिबांसाठी एक जागा सोडा.

आडवा_छेद
मला अर्धं मान्य. बास्क लोक बघा. त्यांच्याकडेही जुन्या संस्था, जुने हक्क, सगळं आहे. पण प्रमुख मोजताना ते १९३६ च्या आगिर्रे यांच्यापासून मोजतात. हे आगिर्रे आधी अॅथलेटिक बिल्बाओचे फुटबॉलपटू, आणि १९४१ मध्ये खोट्या पनामाच्या पासपोर्टवर हिटलरच्या बर्लिनमध्ये राहून अमेरिकेला निसटले. इतका मसाला असूनही आकडा फुगवायची गरज भासली नाही.

इतिहासाची_वही
बास्कांकडे तीन-चार प्रांतांच्या वेगवेगळ्या सभा होत्या हो. सगळ्यांचा मिळून एक प्रमुख १९३६ आधी नव्हताच, मोजणार कोणाला? ही नम्रता नव्हे, नाइलाज आहे.

मोगरा_७
तुमचं मोजून झालं असेल तर एक बारीक प्रश्न. १३३ धरा नाहीतर १२ धरा, त्यात बाई किती?

कुडाळची_बार्सिलोनात
शून्य. २०१७ च्या डिसेंबरात इनेस आरिमादास यांचा पक्ष ३६ जागा घेऊन पहिला आला होता, पण बहुमत जुळत नव्हतं, त्या विश्वासमतासाठी उभ्याच राहिल्या नाहीत. आणि प्रत्यक्षात अध्यक्षांचे अधिकार वापरलेली एक बाई आहे: सोराया साएन्स दे सांतामारिया. १५५ च्या काळात पंतप्रधानांनी ते अधिकार त्यांच्याकडे, म्हणजे उपपंतप्रधानांकडे सोपवले होते. माद्रिदहून.

चकली
म्हणजे गोदाकाठ यांच्या 'यादीत नसलेले' या यादीत एक नाव वाढलं.

गोदाकाठ
वाढवलं. रूलेटवाल्याच्या खाली.